पानांची बाग

बदलीच्या नोकरीत असलेल्या माणसाने बाग करू नये, केलीच तर कुंड्यांत करावी, असा एक नियम आमच्या कार्यालयात रूढ आहे. तो कोणत्याही परिपत्रकात सापडणार नाही. पण परिपत्रकांतल्या नियमांपेक्षा तो अधिक निष्ठेने पाळला जातो. कुंडी मालमोटारीत चढवता येते, जमिनीत मूळ धरलेले झाड चढवता येत नाही. आम्हीही नोकरीची पहिली सहा वर्षे या कुंडीधर्माचे एकनिष्ठ अनुयायी होतो. चार तुळशी, दोन मोगरे आणि एक नेहमी आजारी असलेला गुलाब एवढ्या संसारावर आम्ही संतुष्ट होतो.

२०२१ च्या जुलैत आमची बदली लखनौला झाली आणि दैववशात् तळमजल्यावरचे क्वार्टर वाट्याला आले. पुढे वीस फूट लांब व बारा फूट रुंद अशी मोकळी जमीन. ज्याचा जन्म कोकणातल्या परसात गेला आणि उमेदीची वर्षे तिसऱ्या मजल्यांवर गेली, त्याला एवढी माती पाहून काय वाटते, हे परमुलुखात नोकरी करणाऱ्या वाचकांस सांगावयास नको. आम्ही नियम मोडला.

उत्तर हिंदुस्थानात बाग याचा अर्थ हिवाळ्यातली फुले, हे आम्ही शेजाऱ्यांचे पाहून शिकलो. नोव्हेंबर लागला की रोपवाटिकांसमोर स्कूटरींची रांग लागते. पिटुनिया, पॅन्झी, फ्लॉक्स, कॅलेंड्युला, डेलिया. नावे उच्चारताना जीभ अडखळते, परंतु फेब्रुवारीत ती सगळी एकदम फुलली की माणूस बोलेनासाच होतो. आमच्या वाफ्यांपुढे सायंकाळी फिरावयास निघालेली माणसे थांबू लागली. एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी तर "कोणत्या माळ्याकडून करवून घेतलीत?" असे विचारले. त्या प्रश्नातला गौरव आम्ही आठवडाभर पुरवून पुरवून चाखला.

मार्च संपता संपता पश्चिमेकडून वारा सुटला. एप्रिलच्या मध्यास फ्लॉक्स वाळून कोळ झाला. मे महिन्यात लू वाहू लागली, पारा चव्वेचाळीस अंशांवर गेला आणि आमच्या बागेत ओळीने उभ्या केलेल्या विटा तेवढ्या शिल्लक राहिल्या. आणि नेमके त्याच महिन्यात अण्णा आले.

अण्णा म्हणजे आमचे वडील. संगमेश्वर तालुक्यातल्या शाळांतून त्यांनी छत्तीस वर्षे मुलांना शिकवले. आई गेल्यानंतर त्यांनी एकट्याने राहण्याचा हट्ट दोन वर्षे चालवला. पण दोन्ही डोळ्यांच्या पडद्याची मधोमध झीज होऊ लागली तेव्हा त्यांचा नाइलाज झाला. या विकारात मनुष्य ठार आंधळा होत नाही. समोर पाहू जावे तिथे धुरकट डाग येतो, बाजूचे मात्र अंधुक दिसत राहते. अण्णांना वर्तमानपत्र वाचता येईना, ज्ञानेश्वरी वाचता येईना, आणि समोर उभा असलेला मुलगा हसतो आहे की नाही हेही कळेना. चष्म्याने सुधारणारी ही गोष्ट नव्हे, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते.

आम्ही मोठ्या हौसेने त्यांना व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीवर बसवले. त्यांनी मान किंचित वळवून, डोळ्याच्या कडेने बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "पुढे मैदान आहे का रे?"

फेब्रुवारीतली छायाचित्रे आम्हांपाशी होती. पण ती दाखवायची कोणास?

त्यानंतरचे दोन महिने फार वाईट गेले. आम्ही कार्यालयात, सौभाग्यवती तिच्या शाळेत, मुलगी तिच्या शाळेत. अण्णांना हिंदी समजे, बोलता येत नसे. दर पंधरा दिवसांनी ते शांतपणे म्हणत, "माझे परतीचे तिकीट काढ." तिकडे घर बंद होते आणि विहिरीवर कठडा नव्हता. आम्ही "आरक्षण मिळत नाही" असे उत्तर देत असू. सरकारी उत्तर खाजगी आयुष्यात वापरताना आम्हांस त्या वेळी प्रथमच लाज वाटली.

पावसाळ्याच्या तोंडावर एका रविवारी आम्ही त्यांना सिकंदरबागेजवळच्या वनस्पती-उद्यानात घेऊन गेलो. नबाब वाजिद अली शाहांच्या काळातली ही बाग १८५७ च्या रणधुमाळीत रक्ताने न्हाली. पुढे १९४८ मध्ये येथे राष्ट्रीय वनस्पती-उद्यान आकारास आले, १९५३ मध्ये ते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे गेले, आणि १९७८ पासून त्याला राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था हे नाव आहे. अण्णांना इतिहासाची आवड असल्याने हे सर्व आम्ही त्यांस ऐकवीत होतो. पण त्यांचे लक्ष नव्हते. ते एका वळणावर थांबले होते.

"हे तांबडे काय आहे?"

आम्ही पाहिले. फूल नव्हते. तांब्याच्या भांड्यासारख्या रंगाच्या रुंद पानांचे अकॅलिफाचे झुडूप होते. अण्णांनी हात पुढे करून एक पान बोटांत धरले, त्याची करवती कड चाचपली आणि म्हणाले, "हे आपल्या पाटलांच्या गडग्याला होते."

आमच्या बागकामात त्या पानाने जे केले, ते चार पुस्तकांनी केले नसते. फुलाचा ठिपका अण्णांच्या डोळ्यांना पोहोचत नव्हता. पण रंगाचा मोठा पुंजका, गडद शेजारी फिकट, रुंद शेजारी बारीक, हे पोहोचत होते. आणि जे पोहोचत नव्हते ते बोटांना कळत होते. शिवाय फूल महिनाभर राहते आणि पान वर्षभर. आमच्या पेशाच्या भाषेत बोलावयाचे तर पान हे मूळ वेतन आणि फूल हा भत्ता. आम्ही आजवर केवळ भत्त्यावर संसार चालवू पाहत होतो.

प्रारंभी अर्थातच चूक केली. रोपवाटिकेत गेलो आणि क्रोटनच्या जितक्या जाती दिसल्या तितक्या एकेक घेऊन आलो: पिवळ्या ठिपक्यांचा, लाल शिरांचा, पिळदार पानांचा, पट्टीसारख्या पानांचा. सोळा झाडे, सोळा तऱ्हा. पोस्टाची तिकिटे जमवावीत तशी ती रांगेत लावली. अण्णांनी कडेच्या नजरेने पाहून अभिप्राय दिला : "गोधडी दिसते." आणि थोड्या वेळाने, मास्तरांच्या सुरात : "वर्गातल्या प्रत्येक मुलाचा गणवेश वेगळा असला तर वर्ग दिसत नाही, जत्रा दिसते." दुसऱ्या आठवड्यात आम्ही बारा क्रोटन मित्रांत वाटून टाकले आणि जे चार ठेवले त्यांतल्या एकाच जातीची आणखी तीन आणली. चार झाडे एकत्र आली तेव्हा कोपऱ्यात पिवळाधमक ढीग उभा राहिला, आणि तो अण्णांना खुर्चीवरून दिसला.

क्रोटनची एक अडचण येथे सांगून ठेवतो. हे झाड आग्नेय आशियातल्या व पॅसिफिक बेटांवरच्या उबदार हवेचे. कोकणात ते कोणी न विचारता वाढते. लखनौच्या जानेवारीत, आठवडा आठवडा धुके पडले की ते पाने टाकून रुसून बसते. त्याला दक्षिणेकडच्या भिंतीशी लावावे. भिंत दिवसा ऊन पिते आणि रात्री थोडे थोडे परत देते. आणि सावलीत मात्र लावू नये. सावलीत ते जगते, पण त्याचे रंग विझतात आणि ते हिरवेगार, निरुपद्रवी होऊन बसते. आमच्या कार्यालयातही काही बुद्धिमान माणसांचे असेच झालेले आम्ही पाहिले आहे.

मागच्या बाजूस कर्दळ लावली. हिरवी नव्हे, काळसर जांभळ्या पानांची. तिची पाने इतकी रुंद की पावसाचा पहिला थेंब तिच्यावर पडला की अण्णा आतून ओरडत, "कपडे काढा रे!" तिच्या पायाशी शतावरीच्या शोभेच्या जातीचे झुबके, हिरवा धूर निघावा तसे. दोन्हींच्या मध्ये ती उभ्या पट्ट्यांची वनस्पती, जिला इंग्रज लोक सासूची जीभ म्हणतात. तिच्या निवडीवरून आमच्या घरात थोडा वाद झाला. पण रुंद, बारीक आणि ताठ अशी तीन पाने शेजारी आली की प्रत्येकाला आपापला आकार मिळतो, हे सौभाग्यवतीनेही पुढे मान्य केले. कडेने जांभळ्या ट्रॅडेस्कँशियाचा पट्टा आणि त्याला लागून सोनेरी ड्युरांटा. हा ड्युरांटा प्रत्येक सरकारी इमारतीपुढे दिसतो म्हणून आम्ही त्याला तुच्छ लेखीत होतो. पण जांभळ्याशेजारी तो आला तेव्हा अण्णांना वाटेची कड दिसू लागली आणि ते काठीवाचून फाटकापर्यंत जाऊ लागले. त्या दिवसापासून आम्ही ड्युरांटाविषयी आदराने बोलतो.

पावसाळ्यात कोलिअस. या झाडाची गंमत अशी की एक फांदी मोडून पाण्याच्या बाटलीत ठेवली की आठ-दहा दिवसांत मुळे फुटतात. त्याला फुलांचे तुरे येऊ लागले की ते खुडावे. तुरे राखले तर पाने खुरटतात. ज्या वनस्पतीचे फूल खुडून टाकायचे आणि पान राखायचे तिला सिकंदरबागेत डिसेंबरात भरणाऱ्या प्रदर्शनात शेवंतीच्या जोडीने मान मिळतो, हे पाहून आम्हांस आपल्या नव्या मताला राजमान्यता मिळाल्यासारखे वाटले. रंगीत अळूही पावसाळ्यातलेच. अण्णा त्याची पाने कुरवाळीत आणि न चुकता म्हणत, "याचे फदफदे होत नाही ना? मग कसले अळू!" थंडी आली की अळू जमिनीत निजते, कोलिअस गारठ्याने मरते. त्याच्या फांद्या डिसेंबरातच बाटल्यांत घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायच्या, म्हणजे मार्चमध्ये पुन्हा भांडवल तयार.

उन्हाळ्याचा प्रश्न सर्वांत बिकट होता, कारण अण्णांचे 'मैदान' आमच्या मनातून गेले नव्हते. त्याचे उत्तर कोचिया या रोपाने दिले. फेब्रुवारीच्या अखेरीस बी पेरावे. मे महिन्यात, भोवती सगळे करपत असताना, पाण्याच्या जोरावर गुडघ्याएवढे हिरवे गोळे तयार होतात. पान इतके मऊ की हात फिरवताना रोप आहे असे वाटत नाही. अण्णा संध्याकाळी खुर्ची त्याच्याजवळ ओढून घेत आणि मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यावरून हात फिरवीत बसत. कोचियाच्या पुढे चिनी गुलाबाची पट्टी. आपल्याकडे ज्याला 'ऑफिस टाइम' म्हणतात तेच हे फूल. इकडे त्याला 'नौबजिया' म्हणतात. ऊन चढले की उघडते आणि दुपारनंतर मिटते. अण्णांचा शेरा असा की, वेळेवर येणारा कर्मचारी या घराला अखेर मिळाला.

फाटकाशी बोगनवेल. तिला आम्ही फुलांची वेल समजत होतो, आणि ती तशी नाही हे कळल्यावर केवढा आनंद झाला! तिचे खरे फूल म्हणजे मध्यभागची इवलीशी पांढुरकी नळी. भोवतीचा जो गुलाबी, जांभळा, केशरी डामडौल, तो रंगलेल्या पानांचा. तिला पाणी फार घातले तर ती नुसता पाला वाढवते. आटवली, कोरडी ठेवली, तर रंगते. म्हणजे पुन्हा पानच.

सगळेच घेतले असे मात्र नाही. डम्बकेनची पांढरी-हिरवी पाने फार देखणी. पण त्यांच्या रसातले सुईसारखे स्फटिक तोंडात गेल्यास जीभ सुजते, म्हणून मुलीसाठी व हाताने पाहणाऱ्या अण्णांसाठी ती वर्ज्य केली. कण्हेर याच कारणाने नको म्हटले. गवती चहा हवाच होता, पण त्याची पाने बोट कापतात, म्हणून तो मागच्या दारी गेला. हिवाळ्यासाठी चंदेरी, लोकरीसारख्या पानांचे डस्टी मिलर आणि जांभळ्या शोभेच्या कोबीची रांग. या कोबीने आमची अब्रू घेतली. शेजारच्या बाई जानेवारीभर विचारीत होत्या की भाजी केव्हा काढणार.

आता पॉइन्सेटियाची हकीकत सांगावयास हवी, कारण खरे नाट्य तिथे घडले.

हे झाड मेक्सिकोचे. वर्षभर साधे हिरवे असते आणि डिसेंबरात त्याची शेंड्याची पाने कुंकवासारखी लाल होतात. २०२२ च्या पावसाळ्यात आम्ही ते व्हरांड्याच्या डाव्या हातास, अण्णांच्या खुर्चीच्या कडेला, त्यांच्या नजरेचा जो भाग शाबूत होता त्या बाजूस लावले. त्या डिसेंबरात धुक्यातून तो लाल रंग अण्णांना दिसला. सकाळी उठून खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "कोणी शालू वाळत घातला आहे का?" झाड आहे असे सांगितले तेव्हा उठून गेले, पानांना हात लावला, आणि मग आमच्या आईच्या लग्नातल्या शालूविषयी अर्धा तास बोलले. आईचे नाव त्यांनी दोन वर्षांत घेतले नव्हते. त्या महिन्यात तिकिटाचा विषय निघाला नाही. पुढच्याही निघाला नाही.

पुढल्या वर्षी, २०२३ च्या सप्टेंबरात, आमच्या फाटकासमोर नवा दिवा लागला. वसाहतीने त्याचे स्वागत केले, आम्हीही केले. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला, डिसेंबर अर्धा सरला, पॉइन्सेटिया हिरवाच. खत घातले, पाणी कमी केले, मग वाढवले. अण्णा रोज सकाळी विचारीत, "लाल झाले?" आणि आम्ही "होते आहे, होते आहे" असे सांगत असू, फाईल वरिष्ठांकडे गेली आहे, असे आपण सांगतो तसेच. नाताळच्या दिवशी अण्णा म्हणाले, "मला आता तेही दिसत नाही, असे दिसते. खरे सांग."

म्हणजे त्यांची समजूत अशी झाली होती की झाड लाल झाले आहे, त्यांचेच डोळे गेले आहेत, आणि मुलगा दया म्हणून खोटे बोलतो आहे.

आम्ही त्यांना हाताला धरून झाडापाशी नेले, मुलीला साक्षीला घेतले, शेजारच्या बाईंना बोलावले. "हिरवे आहे, अण्णा, हिरवेच आहे." त्यांनी ऐकून घेतले. विश्वास बसला की नाही, कळले नाही.

उलगडा सिकंदरबागेजवळच्या एका वृद्ध माळ्याने केला. आमची सारी कैफियत ऐकून त्याने एवढेच विचारले, "बाबूजी, आस-पास कोई नई बत्ती तो नहीं लगी?" या झाडाला रंग चढण्यासाठी ऊन लागत नाही, खत लागत नाही, अंधार लागतो. शरदात रात्र बारा तासांहून मोठी होऊ लागली की ते ओळखते, आणि पुढले आठ-दहा आठवडे त्याला दररोज लांब, अखंड रात्र मिळाली तरच पाने लाल होतात. मध्ये थोडा उजेड पडला तरी त्याचा हिशेब चुकतो आणि ते उन्हाळाच चालू आहे असे समजून हिरवे राहते. दिवा काढून टाका असे वसाहतीस सांगणे शक्य नव्हते. मग झाडावर दिवा पडणार नाही असे करणे आले.

घरी येऊन अण्णांना हे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, "म्हणजे माझ्या डोळ्यांचा दोष नव्हता." आणि लगेच : "पोते आहे का घरात?"

२०२४ च्या एक ऑक्टोबरपासून हे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. चार बांबूंचा सांगाडा आम्ही ठोकून दिला. त्यावर दुहेरी गोणपाट आणि आत काळे कापड. सायंकाळी साडेपाचला टाकायचे, सकाळी साडेसातला काढायचे. आम्ही साडेसहाला घरी येत असल्याने त्यात आमची ढवळाढवळ शक्यच नव्हती. दिवाळीच्या लक्ष्मीपूजनादिवशी सौभाग्यवतीने "आज राहू द्या, दारात पणत्या लावायच्या आहेत" असे म्हटले, तर त्यांनी पणत्या दुसऱ्या बाजूस लावायला लावल्या. एकदा त्यांना ताप होता. मुलीला खुर्चीवर उभे करून तिच्याकडून पोते टाकून घेतले आणि कोठे फट राहिली का हे स्वतः उठून चाचपून पाहिले. नोव्हेंबरच्या अखेरीस मुलगी धावत आत आली : "आजोबा, एका पानाला लाल शीर आली!" डिसेंबरात झाड पेटले. अण्णांना ते पूर्वीइतके स्पष्ट दिसले, असे म्हणता येणार नाही. मधला डाग मोठा झाला होता. पण मान वळवून ते म्हणाले, "आहे."

२०२५ च्या एप्रिलात बदलीचा हुकूम आला. गुवाहाटी. हुकूम वाचून दाखवला तेव्हा अण्णांनी तिकडे थंडी किती, पाऊस किती आणि क्वार्टर कोणत्या मजल्यावर, एवढेच विचारले. कोलिअसच्या फांद्या बाटल्यांत घातल्या. बाकीचे सगळे जमिनीत होते.

आमच्या जागी येणारे केरळीय गृहस्थ पत्नीसह क्वार्टर पाहावयास आले. आम्ही त्यांना पाण्याची टाकी, विजेचा मीटर, गळणारा नळ दाखवला. गृहस्थांची हिंदी बेताची, पत्नीची त्याहून बेताची. तिला अण्णांनी बागेत नेले होते. आम्ही बाहेर आलो तेव्हा ते एकेका झाडावर हात ठेवून आयुष्यात प्रथमच सलग हिंदी बोलत होते. "ये मांजर. बिल्ली. छूके देखो." ती बाई कोचियावरून हात फिरवून हसली. मग ते पॉइन्सेटियापाशी आले. मार्चमध्ये छाटल्यामुळे तिथे चार काठ्या आणि थोडी पालवी, एवढेच होते.

"ये अभी लकड़ी है," अण्णा म्हणाले. "दिसंबर में लाल." व्हरांड्यातून त्यांनी घडी केलेले गोणपाट आणले आणि तिच्या हातांत दिले. "अक्टूबर से. शाम को साढ़े पाँच बजे."

"डेली?" तिने विचारले.

"रोज," अण्णा म्हणाले. "इतवार को भी."